उसाची पाणीपाळी आणि घरची कामपाळी



या पानावर आपण लागण, बेणेप्रक्रिया, खते, खोडवा यांचे नियोजन नेहमी वाचता. या वेळी विषय थोडा वेगळा घेतला आहे. ज्या घरातून शेताचे नियोजन होते, त्या घराच्या रोजच्या आणि आठवड्याच्या कामांचे नियोजन कसे करावे, हा तो विषय. कुणी म्हणेल, शेती खात्याच्या माणसाने घरात कशाला डोकवावे? कारण एवढेच की, चुकलेल्या खताच्या हप्त्याचे किंवा लांबलेल्या बांधणीचे मूळ पुष्कळदा शेतात नसते, घरात असते. कुणी आजारी असते, मुलाची परीक्षा असते, नाहीतर रात्रभर दारं धरून कर्ता माणूस थकलेला असतो.

नोकरदाराच्या घरचे वेळापत्रक आपल्या घराला चालत नाही. ज्या गावांना शेतीची वीज अजून पाळीने मिळते, तिथे ती काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. तोडीची टोळी आज येणार म्हणते आणि परवा येते. मजूर, ट्रॅक्टर, पाऊस यांचेही तसेच. म्हणून बऱ्याच घरांत वेळापत्रकच नसते. येईल ते काम करायचे, ही रीत. पण या रीतीने ओरडणारे काम आधी होते आणि गप्प बसणारे मागे पडते. म्हैस ओरडते. मोटार बंद पडली की शेजारचा हाक मारतो. आजीची रक्तदाबाची गोळी संपली तर ती गोळी ओरडत नाही. घरातल्या बाईची पाठ महिनाभर दुखते, तीही ओरडत नाही.

यावर उपाय म्हणजे कामांची तीन भागांत वाटणी करणे.

पहिली, घड्याळाची कामे. म्हशीची धार, डेअरीची वेळ, मुलांची शाळा, औषधाची वेळ, परीक्षेचा पेपर. ही हलत नाहीत. तुटलेला ऊसही याच जातीचा. तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत त्याचे गाळप व्हावे, नाहीतर वजन आणि साखर दोन्ही घटतात.

दुसरी, आठवड्याची कामे. बाजार, दळण, सोसायटी-बँकेचे काम, गोठ्याची साफसफाई, मोठी धुणी. आठवड्यात व्हायला हवीत, पण मंगळवारचे काम गुरुवारी झाले म्हणून काही अडत नाही.

तिसरी, हंगामाची कामे. इथे पुष्कळांची समजूत असते की शेतीची तारीख पक्की आणि घरची तारीख पुढे ढकलण्याजोगी. शिफारशी नीट वाचल्या तर उलटे दिसते. उसाला नत्राचे चार हप्ते सांगितले आहेत : लागणीच्या वेळी, ६ ते ८ आठवड्यांनी, १२ ते १६ आठवड्यांनी आणि मोठ्या बांधणीला. म्हणजे दुसऱ्या हप्त्याला दोन आठवड्यांची आणि तिसऱ्याला चार आठवड्यांची सवड पिकानेच दिली आहे.

उदाहरण घ्या. सुरू उसाची लागण १० जानेवारीला झाली. दुसरा हप्ता साधारण २१ फेब्रुवारी ते ७ मार्च या काळात येतो. दहावी-बारावीच्या परीक्षाही फेब्रुवारी-मार्चमध्येच असतात. त्या दोन आठवड्यांत खत कोणत्याही सोयीच्या दिवशी टाकता येते. गणिताचा पेपर मात्र एकाच दिवशी असतो. तरी आदल्या दिवशी पोरगी सरीत खत टाकताना दिसते, कारण मजूर त्याच दिवशी मिळाले. लागणीच्या दिवशीच कॅलेंडरवर चारही हप्त्यांच्या मुदती मांडल्या आणि शेजारी परीक्षा, लग्नकार्य, जत्रा मांडली, तर हा घोळ दोन महिने आधी दिसतो आणि मजूर आधी सांगून ठेवता येतात.

आता आठवड्याकडे वळू. वीज पाळीने येणाऱ्या घरात एक वेळापत्रक पुरत नाही, दोन लागतात. दिवसपाळीचे एक, रात्रपाळीचे एक. कागदापेक्षा मुलांची जुनी पाटी बरी, पुसून पुन्हा लिहिता येते. ती स्वयंपाकघराच्या दाराशी टांगावी. विजेची पाळी कळली की संध्याकाळी जेवणानंतर पंधरा मिनिटे सगळ्यांनी बसावे आणि पुढच्या सात दिवसांचे लिहावे.

रात्रपाळीसाठी काही नेम ठरवून टाकावेत. जो रात्री दारं धरतो, त्याची सकाळची धार दुसऱ्याने काढायची. त्याला सकाळी दहापर्यंत कुणी उठवायचे नाही. त्या दिवशी त्याने औषधफवारणी करायची नाही आणि मोटारसायकलवरून लांबचा बाजारही करायचा नाही. अपुऱ्या झोपेत ही दोन्ही कामे जिवावर बेततात. रात्री शक्यतो दोघांनी जावे. पायात गमबूट, हातात बॅटरी आणि काठी असावी. विंचू-सापाचा दंश झाल्यास वेळ न दवडता सरकारी दवाखाना गाठावा. १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर पाटीच्या वरच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवावा.

घड्याळाच्या प्रत्येक कामापुढे दोन नावे असावीत. धार आईची, ती नसेल तर थोरल्या मुलाची. आजोबांच्या गोळ्या सुनेकडे, ती माहेरी गेली तर नातीकडे. काम एकाच माणसाला येत असेल तर तो आजारी पडताच सगळे घर अडते. दुसऱ्या माणसाला ते काम निवांत दिवसांत शिकवून ठेवावे.

नांग्या भरायला आपण काही रोपे जादा तयार ठेवतो. सगळीच कांडी उगवणार नाही, हे आपल्याला माहीत असते. तशीच आठवड्यातली एक अर्धी वेळ कुठल्याच कामाला लावू नये. मोटार जळली, पाहुणे आले, टोळी अचानक आली, तर ती वेळ त्या नांगीत भरता येते. काहीच घडले नाही तर मागे राहिलेले काम उरकते.

टोळी फडात आली की त्या आठवड्याची पाटी पुसून टाकावी. घड्याळाची कामे तेवढी ठेवावीत, बाकीची पुढे ढकलावीत. फडावर घरचे एक माणूस हवे. जनावरांसाठी वाढे आणायचे ते कोण आणि कधी, हे आदल्या रात्री ठरावे. खोडवा ठेवायचा असेल तर बुडखे छाटण्याचे आणि पाचट सरीत बसवण्याचे दिवसही तेव्हाच लिहून ठेवावेत.

आता शेवटची आणि महत्त्वाची गोष्ट. घरातली बाई पहाटे सर्वांच्या आधी उठते आणि रात्री सर्वांच्या नंतर टेकते. लाईट रात्री आली तरी तिचा चहा, दिवसा आली तरी तिची भाकरी. वेळापत्रक लवचिक ठेवायचे म्हटले की बहुतेक ताण तिच्यावरच येतो, कारण दरवेळी पुढे ढकलले जाते ते तिचेच काम. दवाखान्यात सवडीने जाऊ म्हणते आणि सवड काही येत नाही. म्हणून पाटीवर एक अर्धा दिवस तिच्या नावाचा लिहावा. दवाखाना, बचतगट, देऊळ, माहेर किंवा नुसती झोप, तिला वाटेल ते तिने करावे. बाकी सगळे इकडेतिकडे हलवा, हा अर्धा दिवस हलवू नका. आणि पाटी लिहायला खडू तिच्याच हातात द्या. कुणाचे काम कुठे अडते, हे तिच्याइतके घरात दुसऱ्या कुणाला माहीत नसते.

पहिले दोन-तीन आठवडे पाटीवरचे निम्मे जमणार नाही. म्हणून ती काढून ठेवू नये. एका वर्षाच्या आडसालीवरून जमिनीची पारख होत नाही, तसेच हे आहे. चार आठवडे करून पाहावे आणि आपला अनुभव गट कार्यालयात जरूर कळवावा. येताना घरच्या बाईलाही सोबत आणावे.

— ऊस विकास अधिकारी