दात दाखव, नाव सांगतो!

दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याला कधी गेला आहात का? नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठावरचं हे गाव. इथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि यात्रेबरोबर भरतो घोडेबाजार. मारवाडी घोडे, काठियावाडी घोडे, कुणी पांढराशुभ्र, कुणी काळाकुळकुळीत. गिऱ्हाईक येतो, घोड्याची पाठ थोपटतो, त्याला दोन पावलं चालवून बघतो. आणि मग सरळ त्याचा ओठ वर उचलून तोंडात डोकावतो!

“चार वर्षांचा आहे, शेठ,” घोडेवाला म्हणतो.

गिऱ्हाईक दात बघतो आणि हसतो. “चार? अहो, सातच्या पुढे गेलाय हा.”

आता सांगा, घोड्याच्या तोंडात काय जन्मतारीख लिहिलेली असते? असतेच, पण ती वाचता आली पाहिजे. घोड्यालाही तुमच्यासारखे दुधाचे दात असतात. पुढचे दुधाचे दात जोडी-जोडीने पडतात आणि पक्के येतात: पहिली जोडी सुमारे अडीच वर्षांना, दुसरी साडेतीन, तिसरी साडेचार. पाचव्या वर्षी पुढचे सगळे दात पक्के. पुढे चारा चावून चावून ते झिजू लागतात आणि त्यांच्या माथ्यावरचे काळे खळगे एकेक करून पुसत जातात. बैलबाजारातही हीच भाषा चालते. दोनदाती, चारदाती, सहादाती आणि सगळे पक्के दात आले की ‘जुळलेला’.

म्हणजे दात ही एक वही आहे. पण जनावर समोर उभं नसेल तर? ते हजारो, नाहीतर कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलं असेल आणि उरला असेल फक्त एक दगडासारखा दात, तर? तरीही ती वही वाचता येते. कशी, ते आज बघू या.

सगळं गेलं, दात राहिला

तुमचा दुधाचा दात पडला तेव्हा आजीने काय करायला सांगितलं होतं? बहुतेकांना छपरावर फेकायला सांगितलं असेल. तो तिथे वर्षानुवर्षं पडून राहिला असेल, पण कुजला नसेल. दातावरचं चकचकीत आवरण, म्हणजे इनॅमल, हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्याचा 95 टक्क्यांहून जास्त भाग खनिजच असतो. म्हणजे दात हा जन्मतःच अर्धाअधिक दगड! मांस कुजतं, हाडं कोल्हे-कुत्रे फोडतात, उरतो तो दात. गाळात गाडला गेला की जमिनीतल्या पाण्यातली खनिजं हळूहळू त्यात मुरतात आणि त्याचा जीवाश्म होतो.

शार्क माशाची तर गंमतच आहे. त्याचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा, म्हणजे तुमच्या कानाच्या पाळीच्या वरचा भाग जसा लवचिक असतो, तसल्या पदार्थाचा असतो. तो टिकत नाही. पण शार्कच्या जबड्यात दातांच्या रांगांमागे रांगा असतात. पुढचा पडला की मागचा पुढे सरकतो. असे हजारो दात एकेक शार्क आयुष्यभर समुद्रात गाळत असतो. म्हणून जगभर हौशी मंडळींना सर्वांत जास्त सापडणारा जीवाश्म दात शार्कचाच.

“पण आमच्या नंदुरबारला समुद्र कुठाय?” असं विचारलंत ना? थांबा, तिकडेच येतोय.

पहिला प्रश्न: हा दात आहे तरी का?

आपला सातपुडा, तोरणमाळचं पठार, शेताच्या बांधावरचे धोंडे, सगळं बहुतेक काळ्या पाषाणाचं. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून उसळलेल्या लाव्हाचा हा दगड. तापलेल्या लाव्हात दात कुठून टिकणार? पण या दगडात पोकळ्या असतात आणि त्यांत पांढरे, गुलाबी स्फटिक वाढतात. कॅल्साइटचा एक टोकदार स्फटिक तर इतका सुळ्यासारखा दिसतो की इंग्रजीत त्याच्या नावातच ‘कुत्र्याचा दात’ आहे! त्यामुळे विहीर खणताना निघालेला ‘राक्षसाचा दात’ बहुतेक वेळा स्फटिकच असतो.

ओळखायचं कसं? स्फटिकाच्या बाजू सपाट आणि कडा सरळ असतात, आणि तो आतबाहेर एकसारखा असतो. दाताला दोन भाग असतात: वरचा गुळगुळीत, चमकदार माथा आणि खालचं खरखरीत, बारीक छिद्रांचं मूळ. दोन्हींच्या सीमेवर बोट फिरवलं तर फरक जाणवतो.

आणि रंगावर मुळीच जाऊ नका. काळा दात म्हणजे खूप जुना, असं नाही. दात ज्या मातीत पडतो, त्या मातीतली खनिजं त्याला रंग देतात. शिवाय प्रत्येक जुना दात जीवाश्म नसतो. तापी आणि गोमाई जिथे भेटतात त्या प्रकाशे गावी 1955 मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. तिथे साडेतीन हजार वर्षांहून जुनी वस्ती निघाली. असल्या काठावर गाईचा दात मिळाला, तर तो तिथल्या जुन्या शेतकऱ्याच्या गोठ्यातला असू शकतो, नाहीतर परवाच्या पुरात वाहून आलेल्या गाईचाही!

दुसरा प्रश्न: हा काय खात होता?

दाताचा आकार म्हणजे खाणाऱ्याचं जेवणाचं ताट.

चपटा, त्रिकोणी, पात्यासारखा दात आणि खाली इंग्रजी ‘व्ही’सारखं मूळ? शार्क. मांस कापणारा.

गोल, सुळक्यासारखा आणि बुडाशी पोकळ? मगर असू शकेल. मगर चावत बसत नाही, पकडते आणि गिळते. बूड पोकळ, कारण खालून नवा दात वर येत असतो.

मागे वाकलेला, दोन्ही बाजूंनी दाबलेला आणि कडेला करवतीसारखे बारीक दाते? मग छाती धडधडू द्या. मांसाहारी डायनासोरांचे दात असेच असत. असाच एक डायनासोर गुजरातेत रहियोलीला सापडला आणि 2003 मध्ये त्याला नाव मिळालं ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’. नर्मदेचा राजा सरडा!

माथ्यावर चंद्रकोरीसारख्या रेघा? गाय, म्हैस, हरीण यांची दाढ. उंच, चौकोनी आणि माथ्यावर इनॅमलच्या नागमोडी घड्या? घोडा.

आणि पावाच्या लादीएवढी दाढ, माथ्यावर आडव्या पट्ट्याच पट्ट्या? हत्ती! हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही म्हण तुम्हाला माहीत आहेच. मिरवायला सुळे, पण शास्त्रज्ञ भाव देतात तो खायच्या दातांना. हत्तीला जन्मभरात जबड्याच्या प्रत्येक बाजूला सहा दाढा येतात, पण एकामागून एक. मागची दाढ पुढे सरकते, पुढची झिजून तुकड्या-तुकड्यांनी पडते. आफ्रिकेच्या हत्तीच्या दाढेवर शंकरपाळ्यांसारखे आकार दिसतात, आपल्या हत्तीच्या दाढेवर जवळजवळच्या अरुंद पट्ट्या. आणि हत्तीचा एक नामशेष भाऊबंद होता, स्टेगोडॉन. त्याच्या दाढेवरचे उंचवटे उतरत्या छपरांसारखे होते, म्हणून त्याच्या नावाचा अर्थच ‘छप्पर-दात’. बघा, दात पुन्हा छपरावर गेला!

तिसरा प्रश्न: कुठे मिळाला?

हा प्रश्न सर्वांत मोठा. आता समुद्राची गोष्ट.

नंदुरबारच्या उत्तरेला, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांपलीकडे नर्मदा वाहते. तिच्याच खोऱ्यात वरच्या अंगाला, मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात, बाघ नावाचं गाव आहे. लेण्यांसाठी आणि छापील कापडासाठी प्रसिद्ध. तिथल्या खडकांच्या थरांत शिंपले मिळतात, सागरी अर्चिन मिळतात आणि शार्कचे दातही मिळतात. कारण लाव्हा येण्याच्या आधी, सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी, पश्चिमेकडून समुद्राचा एक लांबट हात नर्मदेच्या खोऱ्यात आत शिरला होता! त्यात टायकोडस नावाचा शार्कही होता. त्याचे दात टोकदार नव्हते, तर सपाट आणि रेघारेघांचे, पाट्यावरवंट्यासारखे. शिंपले फोडून खाणाऱ्याला सुऱ्या कशाला हव्यात?

या भागातले जीवाश्म शोधणाऱ्यांत एक शाळेतले शिक्षक आहेत, विशाल वर्मा. शाळा सांभाळून डोंगर-नाले पालथे घालायचा त्यांना छंद. 2007 मध्ये त्यांना आणि त्यांच्या मित्रांना डायनासोरची अंडी सापडली. त्यांनी ती शोकेसमध्ये लपवून ठेवली नाहीत. दिल्ली विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी काम केलं, आणि 2023 मध्ये नर्मदा खोऱ्यातल्या 92 घरट्यांतल्या 256 अंड्यांवरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, त्यात त्यांचंही नाव आहे.

समुद्र गेला, लाव्हा आला, थिजला. खूप खूप नंतर नद्यांनी गाळ आणून टाकला. तापीकाठच्या उंच पिवळट दरडी अशाच गाळाच्या. नर्मदेच्या गाळात इतक्या प्रचंड हत्तीचे अवशेष मिळाले की शास्त्रज्ञांनी त्याच्या नावात नदीच गुंफली: ‘नामाडिकस’. नामाडस हे ग्रीकांनी नर्मदेला दिलेलं नाव. याच हत्तीबद्दल, पण आपल्या गोदावरीच्या गाळात सापडलेल्या, गाय पिल्ग्रिम या भूशास्त्रज्ञाने 1905 मध्ये लिहिलं. नर्मदेच्या गाळात पाणघोड्याचेही दात मिळतात. हो, आपल्याकडे पाणघोडे होते!

म्हणजे शार्कचा दात बाघच्या खडकात शोभतो आणि हत्तीची दाढ नदीच्या गाळात. काळ्या पाषाणात दोन्ही नाहीत. पण काळ्या पाषाणालाही अगदीच नाक मुरडू नका. लाव्हाचा एक थर थिजला आणि दुसरा यायचा होता, त्या मधल्या काळात तळी साचत. त्या तळ्यांच्या चिखलात, आजच्या तेलंगणातल्या नस्कल इथे, एका चिचुंद्रीएवढ्या सस्तन प्राण्याचे दात मिळाले, जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे! चिखल धुऊन, चाळणीने चाळून, सूक्ष्मदर्शकाखाली शोधलेले. 1988 मध्ये ही बातमी जगाला कळली. प्राण्याचं नाव ठेवलं ‘डेक्कनोलेस्टीस हिस्लॉपी’, नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांच्या नावावरून. हिस्लॉप होते मिशनरी, पण दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी नागपूरजवळच्या टाकळीला ते हौसेने जीवाश्म गोळा करत.

दुकानातला दात

दात विकत मिळाला तर? 1935 मध्ये राल्फ फॉन कोनिग्सवाल्ड हा शास्त्रज्ञ हाँगकाँगच्या एका औषधांच्या दुकानात शिरला. तिथे ‘ड्रॅगनचे दात’ कुटून औषधात घालत. त्याला एक भलीमोठी दाढ दिसली, वानराची, पण कुठल्याही जिवंत वानरापेक्षा मोठी. अशी जगाला ओळख झाली जायगँटोपिथेकसची, आजवरच्या सर्वांत मोठ्या वानराची. पण दुकानदाराला दात कुठला ते सांगता येत नव्हतं. ती दाढ कोणत्या डोंगरातली, कोणत्या गुहेतली, हे शोधण्यात पुढे शास्त्रज्ञांची कितीतरी वर्षं गेली.

आजही मोरोक्कोचे शार्कचे आणि डायनासोरचे दात जगभर विकले जातात. काही खरे, काही दोन-तीन तुकडे चिकटवून वर वाळू फासलेले, काही नुसतेच साच्यातले. भिंगातून बघा. बारीक बुडबुडे दिसले, साच्याची रेघ दिसली किंवा दोन दात अगदी जुळ्या भावांसारखे निघाले, तर पैसे खिशातच ठेवा. कुणी ‘वाघाचा दात’ म्हणून दाखवला तर हातसुद्धा लावू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असा व्यापार गुन्हा आहे.

सापडला, आता काय?

दरडीत हात घालून ओढू नका. दरड कोसळते, आणि दात मोडतो तो वेगळाच. आधी जागेवरच फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून. मग वहीत लिहा: गाव, नदी किंवा नाला, तारीख, जमिनीपासून किती खोल, माती पिवळी की काळी, वाळू की गोटे. तारेच्या ब्रशने घासू नका, वॉर्निश लावू नका. कागदात गुंडाळून ठेवा. बाईंना, गुरुजींना दाखवा. त्यांच्या मदतीने पुण्याच्या डेक्कन कॉलेजला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला फोटो आणि टिपण पाठवता येईल.

आणि सरावासाठी पुढच्या यात्रेला सारंगखेड्याला जा. घोडेवाल्या काकांना विचारून, ते ओठ उचलतील तेव्हा नीट बघा: किती दात पक्के, कोणत्या दातावरचा खळगा पुसलाय. काका बरोबर वय सांगतील, कारण घोडा समोर उभा आहे. जुन्या दाताजवळ त्याचं जनावर नसतं, त्याच्याजवळ फक्त त्याची जागा असते. म्हणून दोस्तांनो, दात मिळाला की आधी वही काढा, खिसा नंतर.