प्रकल्प व्यवस्थापनाचे पहिले सत्र

विद्यापीठात शिकणाऱ्या मुलाने वा मुलीने यंदा ‘प्रकल्प व्यवस्थापन’ हा विषय घेतल्याचे घरी सांगितले, की वडीलधारी मंडळी थोडी बुचकळ्यात पडतात. पूल बांधायचा तर स्थापत्यशास्त्र शिकावे, हिशेब राखायचे तर वाणिज्य शिकावे. पण हाती घेतलेले काम वेळेवर पार कसे पाडावे हे का वर्गात बसून शिकायचे असते? जबाबदारी अंगावर पडली की ते आपोआप येते, अशी पुष्कळांची समजूत आहे. ही शंका अगदीच अवाजवी म्हणता येणार नाही. परंतु या विषयात नेमके काय शिकवितात हे पाहिल्यावाचून तिचा निकाल लावणे बरे नव्हे.

कामाची फोड करणे हा पहिला पाठ. मोठे काम लहान लहान कामांत वाटून प्रत्येकास किती दिवस लागतील आणि कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे हे लिहून काढावयाचे. हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आडव्या पट्ट्यांचे तक्ते प्रचारात आणले. ते आजही शिकवितात. तथापि एक काम अडले तर त्यापायी दुसरी कोणती अडतील, हे त्या मूळच्या तक्त्यावरून सहज उमगत नसे. ही उणीव १९५७ च्या सुमारास ड्यू पाँट या रसायन-कंपनीतील मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडमधील जेम्स केली यांनी भरून काढली. त्यांच्या पद्धतीस ‘निर्णायक मार्गाची पद्धत’ म्हणता येईल.

ती समजण्यास मोठा कारखाना नको. एखाद्या वाचनालयाची स्मरणिका काढावयाची आहे असे समजू. लेख गोळा करण्यास २० दिवस आणि संपादनास ८, मिळून २८. दुसरीकडे जाहिराती मिळविण्यास २५ दिवस व त्यांचे मजकूर तयार करण्यास ६, मिळून ३१. ही दोन्ही कामे एकाच वेळी चालू शकतात. पण पानांची मांडणी मात्र दोन्ही पुरी झाल्यावरच सुरू होईल. मांडणीस ५, मुद्रितशोधनास ३, छपाईस ६ आणि बांधणीस ३ असे पुढचे १७ दिवस धरले, तर स्मरणिका हाती येण्यास ४८ दिवस लागतात. हे ४८ दिवस जाहिरातींच्या वाटेने मोजलेले आहेत. तीच निर्णायक वाट. संपादकाने रात्रीचा दिवस करून चार दिवस वाचविले तरी स्मरणिका एक दिवसही आधी निघत नाही! उलट त्याच्याजवळ ३ दिवसांची सवड आहे. मात्र लेख ५ दिवस रखडले, तर तीच वाट ३३ दिवसांची होते, निर्णायकपण तिच्याकडे जाते आणि एकूण काम ५० दिवसांवर पोहोचते. घाई कोठे करावी आणि कोठे करू नये, हे असे कागदावर दिसू लागते. अनुभवी माणसालाही हे नेहमी सुचतेच असे नाही. तो बहुधा जो जास्त ओरडतो त्याच्या कामाकडे धावतो.

अमेरिकन आरमाराने पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी १९५८ मध्ये ‘पर्ट’ नावाची जी पद्धत वापरात आणली, तिच्यात आणखी एक शहाणपण आहे. दिवसांचा अंदाज एक नव्हे, तीन घ्यावयाचे. छपाई सारे सुरळीत झाल्यास ४ दिवसांत, एरवी ६ दिवसांत, आणि वीज गेली वा कागद आला नाही तर १४ दिवसांत होईल. मधल्या अंदाजाची चौपट करून त्यात दोन टोके मिळवावयाची व बेरजेस ६ ने भागावयाचे. उत्तर ७ येते. म्हणजे छापखानदार प्रामाणिकपणे ‘सहा’ म्हणाला, तरी हिशेबात सात धरणे हेच खरे.

येथवरचे गणित कोणीही हुशार विद्यार्थी चार तासिकांत आत्मसात करील. खरी अडचण पुढे आहे. सिडनीच्या ऑपेरा हाउसचा मूळ अंदाज ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांचा होता. १९७३ मध्ये ते उघडले तेव्हा खर्च १० कोटींच्या वर गेला होता. आराखड्याचे प्रश्न सुटण्यापूर्वीच तेथे बांधकामास हात घातला गेला होता. कोकण रेल्वेचे उदाहरण तर आपल्या अंगणातले. काम १९९० मध्ये सुरू झाले आणि संपूर्ण मार्गावर गाडी धावली ती २६ जानेवारी १९९८ रोजी. गोव्यात मार्ग कोठून न्यावा यावरून आंदोलन उभे राहिले आणि पेडण्याच्या बोगद्यात भुसभुशीत मातीने अभियंत्यांची परीक्षा पाहिली. या दोन्ही गोष्टींना तक्त्यात आधी नेमके किती दिवस देता आले असते? म्हणूनच चांगले अध्यापक धोक्यांची यादी करण्यावर आणि ज्यांच्या जमिनीवरून, पैशांतून वा श्रमांतून काम उभे राहते त्यांना आरंभीच विचारण्यावर भर देतात. हा भाग पाठ्यपुस्तकात थोडक्यात उरकलेला असतो, ही खेदाची गोष्ट आहे.

आणि मग येतो गटप्रकल्प. चार-पाच विद्यार्थ्यांनी मिळून एखाद्या कामाची योजना लिहून द्यावयाची. बहुतेक गटांत दोघे राबतात, एक जण आजारी पडतो, एक शेवटच्या रात्री उगवतो. गुण मात्र सर्वांना सारखेच. विद्यार्थ्यांची या विषयाविरुद्ध मोठी तक्रार हीच, आणि ती खरीही आहे. पण ज्या गटाने पहिल्याच दिवशी कोणी काय व केव्हा द्यावयाचे हे लिहून सह्या घेतल्या, त्याचे भांडण निदान मुद्द्यावर होते. उशीर झाल्यावर नवी माणसे भरून भागत नाही, हेही तेथेच कळते. नव्यांना समजावण्यातच जुन्यांचा वेळ जातो. आयबीएममधील अनुभवावरून फ्रेडरिक ब्रूक्स यांनी संगणकाच्या कामांविषयी हीच गोष्ट १९७५ मध्ये पुस्तकातून मांडली होती.

या एका सत्राने कोणी व्यवस्थापक होत नाही. १९६९ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली प्रकल्प व्यवस्थापन संस्था व्यावसायिकांची जी प्रसिद्ध परीक्षा घेते, तिला बसण्यासाठीही शिक्षणाखेरीज प्रत्यक्ष प्रकल्प चालविल्याचा काही वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. तेव्हा शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी एवढे विचारावे: विद्यार्थ्यांना खऱ्या कामाची योजना करावयास देतात का, आणि ती फसली तर ती का फसली याची वर्गात चर्चा होते का?