भरल्या तोबऱ्यापुढे उपाशी

‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण माणसांसाठी वापरतो. म्हाताऱ्या घोड्याच्या बाबतीत ती शब्दशः खरी ठरते. तोबरा भरलेला असतो, जनावर मात्र वाळत जाते. आपण म्हणतो, ‘वय झालं, चालायचंच.’

घोड्याचे सगळे पक्के दात पाचव्या वर्षापर्यंत येतात. तेव्हा त्याची दाढ साधारण ८ ते १० सेंटिमीटर लांब असते. पण तिचा बराचसा भाग जबड्याच्या आत असतो. चारा चघळताना ती दरवर्षी २-३ मिलिमीटर झिजते आणि जवळजवळ तेवढीच आतून वर सरकते. अल्लाहने दिलेली ही शिदोरी बहुधा पंचविशीच्या पुढेमागे संपत येते. मग दाढा गुळगुळीत होतात, हलतात, पडतात.

त्याआधीही त्रास असतोच. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्याने दाढांच्या कडा धारदार होतात आणि गाल, जीभ कापतात.

लक्षणे घरच्या कोणालाही दिसतील. अर्धवट चावलेल्या गवताचे बोळे तोंडातून पडतात, लाळ गळते, तोंडाला घाण वास येतो, खाताना मान वाकडी होते, लिदीत अख्खे दाणे दिसतात. नीट न चावलेला चारा घशात अडकतो किंवा पोटशूळ उठवतो.

वर्षातून एकदा, आणि वय झाल्यावर दोनदा, पशुवैद्याकडून दात तपासून घ्यावेत. टोके कानशीने घासायचे काम त्यांचेच. आपण हात घालू नये. लांब कडबा बंद करून कोवळे गवत, बारीक कापलेली लसूणघास आणि भिजवून मऊ केलेला खुराक थोडा थोडा, अनेक वेळा द्यावा. नुसत्या कोंड्यावर ठेवू नये.

एका अन्सारी सहाबींच्या बागेतला उंट प्रेषित मुहम्मद (स.) यांना पाहून रडला. जनावराला उपाशी ठेवून राबवणाऱ्या मालकाला त्यांनी अल्लाहचे भय बाळगायला सांगितले. ही हदीस आपण मुलांना सांगतो. आपण घोड्याला उपाशी ठेवत नाही, हे खरे. पण त्याला चावता येत नाही ते समोर टाकणे म्हणजे उपाशी ठेवणेच नाही का?

माथेरानचा चढ असो की लग्नाची वरात, ज्याच्या पाठीवर आपली रोजी चालली, त्याच्या म्हातारपणाची अमानत आपल्याकडेच आहे. आज घरी गेल्यावर त्याच्या तोबऱ्याबरोबर लिदीकडेही पाहू या.