सगळे क्लायंट एकाच ब्राउझरमध्ये? आजच प्रोफाइल वेगळे करा!



“सर, बियाण्यासाठी कमी आणि लग्नाची तारीख मोकळी आहे का हे विचारायलाच जास्त फोन येतायत!”

मी खर्ड्यात बसून वेबसाइटची कामं करायचो, तेव्हा एका कृषी सेवा केंद्राच्या मालकांचा हा फोन. झालं असं की त्यांची साइट आणि एका मंगल कार्यालयाची साइट, दोन्हींचे वर्डप्रेस डॅशबोर्ड मी शेजारशेजारच्या टॅबमध्ये उघडले होते. थीम एकच, पानाचं नावही एकच, ‘संपर्क’. दुकानाचा नवा नंबर मी मंगल कार्यालयाच्या पानावर टाकून मोकळा झालो. ऐन लग्नसराईत दोन दिवस कार्यालयाचे फोन दुकानात! नंबर बदलायला एक मिनिट लागलं, पण गेलेल्या बुकिंगचं काय? तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हा लेख.

प्रोफाइल म्हणजे काय?

एकाच क्रोममध्ये वेगवेगळी कपाटं समजा. प्रत्येकाचे बुकमार्क, हिस्टरी, सेव्ह केलेले पासवर्ड, कुकी आणि एक्स्टेन्शन वेगळे. एका प्रोफाइलमधलं लॉगिन दुसऱ्यात दिसत नाही.

1795 ला आपल्या खर्ड्याच्या लढाईत पेशवे, शिंदे, होळकर, भोसले सगळे एका बाजूने निजामाविरुद्ध उतरले. लढाई एक, पण फौज ज्याची त्याची. आपल्यालाही तेच करायचंय.

कसं करायचं?

1. क्रोममध्ये वर उजवीकडे गोल चिन्हावर क्लिक करा आणि नवीन प्रोफाइल जोडा. गूगल अकाउंट न जोडताही चालतं.
2. क्लायंटचं नाव द्या आणि रंग निवडा. दुकान हिरवं, कार्यालय लाल. खिडकीचा रंग बघूनच कळतं, आपण कुठे आहोत.
3. त्या क्लायंटचं होस्टिंग, डॅशबोर्ड, ईमेल एवढेच बुकमार्क तिथे ठेवा.
4. नियम एकच: त्या खिडकीत दुसऱ्या क्लायंटचं काहीही उघडायचं नाही. हा पाळला नाही, तर रंगाचा काही उपयोग नाही.

फायरफॉक्स वापरत असाल तर ॲड्रेस बारमध्ये ‘अबाउट:प्रोफाइल्स’ इंग्रजीत टाका, तिथेही हीच सोय आहे.

आणखी दोन प्रोफाइल हवेतच

पहिलं, ‘गिऱ्हाईक’. यात कुठेही लॉगिन करायचं नाही, एकही एक्स्टेन्शन टाकायचं नाही. कारण बरेच कॅशे प्लगिन लॉगिन केलेल्या माणसाला ताजं पान दाखवतात आणि बाहेरच्याला साठवलेलं जुनं. म्हणून आपण म्हणतो “मला तर नवीन रेट दिसतायत” आणि गिऱ्हाईक म्हणतं “जुनेच आहेत.” दोघंही खरं बोलत असतात! काम संपलं की साइट या प्रोफाइलमध्ये बघा, मगच क्लायंटला फोन करा.

दुसरं, ‘चाचणी’. स्वतःच्या मशीनवर दोन प्रोजेक्ट चालवताना एकात लॉगिन केलं की दुसऱ्यातून बाहेर फेकलं जातं, असं झालंय का? लोकलहोस्टवर पोर्ट वेगळा असला तरी कुकी वेगळ्या होत नाहीत. एकाच नावाची कुकी असेल तर एक दुसरीला पुसते. दुसरा प्रोजेक्ट या प्रोफाइलमध्ये उघडा, भांडण मिटलं.

“इन्कॉग्निटो आहे की!” असं कुणी म्हणेल. पटकन एकदा बघायला ठीक आहे. पण सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्या बंद केल्या की लॉगिन जातं, आणि उघड्या असतील तर त्या सगळ्यांची कुकी एकच असते. रोजच्या कामाला ते पुरत नाही.

हे लक्षात ठेवा

प्रोफाइल म्हणजे कुलूप नाही. तुमच्या कॉम्प्युटरवर बसलेला कुणीही दुसऱ्या प्रोफाइलवर क्लिक करून आत जाऊ शकतो. दुकानातला कॉम्प्युटर चार जण वापरत असतील, तर विंडोजचं खातंच वेगळं करा आणि त्याला पासवर्ड ठेवा.

काम संपून क्लायंट गेला, तर आधी डोमेन, होस्टिंग आणि पासवर्ड त्याच्या ताब्यात द्या, मग प्रोफाइल डिलीट करा. उलटं केलंत तर सेव्ह केलेले पासवर्डही त्या कॉम्प्युटरवरून जातील.

आज सगळं करू नका. सगळ्यात जास्त काम देणारा एक क्लायंट घ्या, त्याचं प्रोफाइल बनवा आणि आठवडाभर वापरून बघा. कुठे अडलं तर व्हिडिओखाली लिहा, मी उत्तर देतो.

भेटूया पुढच्या भागात!