शिसे, दूषीविष आणि औषधाची मात्रा

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातील दूषीविषाचे वर्णन आजच्या काळात पुन्हा वाचण्याजोगे आहे. जे विष जुने झाले आहे, ज्याचे वीर्य औषधांनी अथवा अग्नी, वारा, ऊन यांनी क्षीण झाले आहे, ते तत्काळ प्राण घेत नाही. कफाने आवृत होऊन ते वर्षानुवर्षे शरीरात राहते आणि प्रतिकूल देश, काल, अन्न यांचे निमित्त मिळताच धातूंना दूषित करते. सुश्रुतांनी धातुविषांत फेनाश्म व हरताळ ही दोनच गणली आहेत. शिशाचा तेथे उल्लेख नाही. तरीही अल्प प्रमाणात दीर्घकाळ शरीरात जाणाऱ्या शिशाचे वर्तन या वर्णनाशी इतके जुळते की, वैद्याला हा विषय समजून घेण्यास याहून जवळची संकल्पना सापडणार नाही. ‘औषधातील शिसे मर्यादेत आहे’ असे प्रमाणपत्र हाती आले म्हणजे औषधनिर्मात्याची व वैद्याची जबाबदारी संपते काय, या एका प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शरीरातील शिशाचा संचय

शिसे श्वासावाटे अथवा अन्नमार्गाने शरीरात जाते. प्रौढ व्यक्ती पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा हिस्सा शोषून घेते. लहान मुलांत हे प्रमाण चाळीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत जाते. आहारात लोह व कॅल्शियम कमी असेल, तर शोषण आणखी वाढते. म्हणजे जे बालक मुळात पांडू व कृश आहे, त्याच्याच शरीरात शिसे अधिक शिरते.

रक्तातील शिसे सुमारे महिनाभरात निम्मे होते. हा आकडा दिलासा देणारा वाटतो; परंतु रक्तातून कमी झालेले सर्वच शिसे शरीराबाहेर जात नाही. त्यातील काही मूत्रावाटे व मलावाटे निघते आणि उरलेले अस्थींमध्ये कॅल्शियमच्या जागी जाऊन बसते. प्रौढाच्या शरीरातील एकूण शिशापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक साठा अस्थिधातूत असतो आणि तेथे तो दहा ते तीस वर्षे टिकतो. गर्भारपण, स्तन्यकाल, रजोनिवृत्तीनंतरचा अस्थिक्षय अथवा दीर्घकाळ अंथरुणास खिळणे अशा ज्या अवस्थांत अस्थी झिजतात, त्या अवस्थांत हा साठा पुन्हा रक्तात उतरतो. गर्भवतीच्या रक्तातील शिसे अपरा ओलांडून गर्भापर्यंत पोहोचते. मातेने विवाहापूर्वी घेतलेल्या शिशाचा अंश अशा रीतीने तिच्या अपत्याच्या वाट्यास येऊ शकतो.

शिसे रक्तातील हीम या द्रव्याच्या निर्मितीत लागणाऱ्या विकरांना अडथळा आणते. त्यातून पांडुता उद्भवते. मज्जासंस्था, वृक्क, रक्तवाहिन्या व प्रजननसंस्था यांवरही त्याचा परिणाम होतो. मुलांची बुद्धी व एकाग्रता मंदावते आणि ही हानी सहसा भरून निघत नाही. मुलांच्या रक्तातील शिशासाठी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१२ साली दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम ही संदर्भ पातळी ठरवली होती. २०२१ साली ती ३.५ वर आणली. अन्नातील शिशासाठी पूर्वी मान्य असलेली साप्ताहिक मर्यादा जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१० साली मागे घेतली. कारण जिच्याखाली शिसे निरुपद्रवी ठरेल अशी पातळीच निश्चित करता येईना.

परिसरातील शिशाचे मार्ग

भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र लागू झाले आणि हवेतील शिशाचा एक मोठा स्रोत बंद झाला. घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशावर १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आली. ही प्रगती मोठी आहे. तथापि मातीत एकदा पडलेले शिसे वरच्या थरात दशकानुदशके राहते. त्याशिवाय जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणाऱ्या अनौपचारिक भट्ट्या, जुन्या रंगांचे पोपडे, भंगारातील मिश्र धातूंची ओतीव अॅल्युमिनियमची भांडी, शिसेमिश्रित कथिलाने केलेली कल्हई आणि मारुती-गणपतीच्या मूर्तीस लावला जाणारा अस्सल शेंदूर हे स्रोत आपल्या परिसरात आहेतच. कल्हई केलेल्या भांड्यात चिंच, आमसूल अथवा ताक घातलेला पदार्थ शिजवला की आम्लामुळे शिसे अन्नात उतरते. जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे असल्याचा आणि त्यांपैकी सुमारे २७.५ कोटी मुले भारतातील असल्याचा अंदाज युनिसेफ व प्युअर अर्थ यांच्या २०२० सालच्या अहवालात मांडला आहे.

हेच परिसरातील शिसे वनौषधींतही येते. वनस्पती ते मुख्यतः मुळांत धरून ठेवते. पाने व साली यांवर ते बहुधा धुळीवाटे बसते. म्हणून रहदारीच्या रस्त्याकडेच्या निंबाची वा अर्जुनाची साल काढताना स्थानाचा विचार अनिवार्य ठरतो. औषधी कोणत्या भूमीतून घ्यावी, याविषयी सुश्रुतांच्या भूमिप्रविभागीय अध्यायात खाचखळगे, वारुळे, स्मशान, वधस्थान इत्यादी जागा वर्ज्य सांगितल्या आहेत. त्या यादीत आज बॅटरीभट्टीचा परिसर, कारखान्याचे सांडपाणी मिळणारा ओढा व महामार्गाची कड यांची भर घालणे शास्त्राच्या आशयास धरूनच होईल.

हरिद्रेचा प्रश्न याहून वेगळा आहे. हळकुंडास पिवळेधमक रूप यावे यासाठी पॉलिश करताना लेड क्रोमेट चोळण्याची प्रथा बांगलादेशात होती, हे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले आणि त्यानंतर तेथील शासनाने त्यावर कठोर कारवाई केली. येथे शिसे मातीतून आलेले नव्हते, ते मुद्दाम लावलेले होते. सांगली व हिंगोली यांसारखे हळद पिकवणारे जिल्हे आपल्या राज्यात असल्याने, पॉलिश न केलेले हळकुंड थेट उत्पादकाकडून घेऊन ते आपल्याच देखरेखीखाली दळणे येथील औषधनिर्मात्यांस शक्य आहे.

मर्यादा आणि मात्रा

बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या दक्षिण आशियाई बनावटीच्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा अथवा सोमल आढळल्याचा लेख अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात डिसेंबर २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर निर्यात होणाऱ्या केवळ वनस्पतिजन्य औषधांची जड धातूंसाठी तपासणी भारत शासनाने १ जानेवारी २००६ पासून बंधनकारक केली. त्यासाठी शिसे १० पीपीएम, सोमल ३ पीपीएम, पारा १ पीपीएम आणि कॅडमियम ०.३ पीपीएम या मर्यादा ठरल्या.

पीपीएम म्हणजे दशलक्ष भागांत एक भाग. औषधाच्या भाषेत सांगायचे तर १ पीपीएम म्हणजे दर ग्रॅम औषधात १ मायक्रोग्रॅम. ही संहतीची मर्यादा आहे. रुग्णाच्या पोटात किती गेले ते तिच्यावरून थेट कळत नाही. त्यासाठी तिला मात्रेने गुणावे लागते.

एखाद्या चूर्णात बरोबर १० पीपीएम शिसे आहे असे धरू. प्रमाणपत्रावर ते ‘मर्यादेत’ आहे. रुग्ण ३ ग्रॅम चूर्ण दिवसातून दोनदा घेत असेल, तर त्याच्या पोटात रोज ६० मायक्रोग्रॅम शिसे जाते. तेवढ्याच संहतीच्या ५०० मिलिग्रॅमच्या चार वट्या घेणाऱ्यास २० मायक्रोग्रॅम मिळते. बालकास १ ग्रॅम चूर्ण दिले, तर १० मायक्रोग्रॅम. आता तुलना पाहू. पिण्याच्या पाण्यातील शिशाची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. दोन लिटर पाण्यातून जास्तीत जास्त २० मायक्रोग्रॅम जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ साली आहारातील एकूण शिशासाठी ज्या दैनिक संदर्भ पातळ्या दिल्या, त्या मुलांसाठी २.२ आणि प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांसाठी ८.८ मायक्रोग्रॅम अशा आहेत. म्हणजे ६ ग्रॅम चूर्ण रोज घेणारी स्त्री ८.८ च्या आत राहावी असे वाटत असेल, तर त्या चूर्णात शिसे सुमारे दीड पीपीएमपेक्षा अधिक असून चालणार नाही, आणि तेही तिचे अन्नपाणी पूर्ण निर्दोष असेल तर. शतावरी, अश्वगंधा अशी चूर्णे आपण स्त्रियांना महिनोन्महिने देतो, हे लक्षात घेता या गणिताचे महत्त्व स्पष्ट होते.

नागयुक्त कल्पांविषयी

ज्या कल्पांत नाग हे घटकद्रव्यच आहे, त्यांची गणना स्वतंत्रपणे केली पाहिजे. नागभस्म, त्रिवंगभस्म, वसंतकुसुमाकर रस ही उदाहरणे सर्वपरिचित आहेत. वनस्पतिजन्य औषधांची १० पीपीएमची मर्यादा यांना लागू करता येत नाही. त्यांच्या सुरक्षिततेचा आधार म्हणून अपुनर्भव व निरुत्थ या भस्मपरीक्षा पुढे केल्या जातात. या परीक्षांचे मोल मोठे आहे. भस्मात मुक्त धातू उरलेला नाही, हे त्यांतून कळते. परंतु शिसे हे मूलद्रव्य भस्मातून नाहीसे झाले, असे त्यांतून सिद्ध होत नाही. मनःशिलेच्या योगाने सिद्ध केलेले नागभस्म हे मुख्यतः शिशाचे सल्फाइड असते.

६० मिलिग्रॅम नागभस्मात शिशाचा अंश निम्माच धरला, तरी तो ३०,००० मायक्रोग्रॅम होतो. सल्फाइडरूपातील शिसे सहज विरघळत नाही, हे मान्य करून केवळ एक टक्का शोषण गृहीत धरले तरी ३०० मायक्रोग्रॅम रक्तात जाईल. न्यूयॉर्क शहरात २०११-१२ मध्ये आयुर्वेदिक औषधे घेणाऱ्या सहा गर्भवतींना शिशाची विषबाधा झाल्याची नोंद आहे. त्यांच्यातील सर्वाधिक पातळी दर डेसिलिटरला ६४ मायक्रोग्रॅम होती. त्रिवंगभस्म आपल्याकडे वंध्यत्वातही योजले जाते, ही बाब येथे विसरता येणार नाही. ग्रंथकारांनी अशुद्ध व अपक्व नागाचे दोष स्वतः सांगितले आहेत. त्यांची सावधगिरी आज आपण मोजमापाच्या साधनांनी पुढे नेली, तर शास्त्राची अवज्ञा होत नाही. गर्भवती, स्तनदा माता, अपत्याची इच्छा असलेले दांपत्य व बालके यांच्यात नागयुक्त कल्प टाळावेत. इतरत्र ते अटळ वाटल्यास अल्प काळच द्यावेत आणि चिकित्सेपूर्वी व चिकित्सेदरम्यान रक्तातील शिसे तपासून घ्यावे.

रुग्णपरीक्षण

कारण सापडत नसलेला उदरशूल व त्यासोबत मलावष्टंभ, पांडुता, संधिवेदना, तोंडास धातूची चव, मनगटाची दुर्बलता, अनाकलनीय रक्तदाब, मुलांत चिडचिड व अभ्यासातील मागासलेपण ही लक्षणे एकत्र दिसली, तर शिशाची शंका घ्यावी. व्यवसाय, राहत्या घराजवळील भट्ट्या, भांडी, सुरमा, मसाले आणि सध्या चालू असलेली सर्व औषधे यांची विचारपूस करावी. शिसे मुख्यतः तांबड्या रक्तपेशींत असते. म्हणून तपासणी पूर्ण रक्ताची करावी, रक्तद्रवाची नव्हे. पातळी वाढलेली असल्यास स्रोत बंद करणे ही पहिली चिकित्सा होय; निदानपरिवर्जनाचे तत्त्व येथे अक्षरशः लागू पडते. मुलांत पातळी दर डेसिलिटरला ४५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक असेल, तर शिसे बांधून बाहेर काढणारी आधुनिक औषधे लागतात. अशा रुग्णास केवळ शोधनावर न ठेवता त्वरित रुग्णालयात पाठवावे. घरातील इतर मुलांचेही रक्त तपासावे.

औषधशाळेसाठी काही सूचना

१. कच्च्या मालाचा प्रत्येक लॉट स्वीकारतानाच तपासावा. मिश्रण झाल्यावर दोष कोणत्या द्रव्याचा, हे शोधणे अवघड होते.

२. मुळे व कंद माती निघेपर्यंत वाहत्या पाण्यात धुवावेत. पाने व साली धुळीपासून दूर सुकवाव्यात.

३. आसवारिष्टे आम्ल असल्याने त्यांचा कल्हईच्या वा पितळी भांड्यांशी संपर्क टाळावा. दळणयंत्राची झीज आणि सांध्यांतील डाख यांकडेही लक्ष द्यावे.

४. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘मर्यादेत’ एवढाच शेरा न स्वीकारता प्रत्यक्ष आकडा मागावा व तो खरेदीदार वैद्यास उपलब्ध करून द्यावा.

५. शिशाचा आकडा मर्यादेच्या अगदी जवळ असलेला लॉट अधिक मात्रेत घेतल्या जाणाऱ्या चूर्णांसाठी वापरू नये.

यांतील चौथी सूचना सर्वांत कमी खर्चाची आहे. अहवाल तयारच असतो, त्यातील आकडा फक्त पुढे पाठवायचा असतो. तो हाती आल्यावर मात्रेने गुणण्याचे काम वैद्याचे आहे. गर्भवतीस चूर्ण लिहून देताना हा गुणाकार चिठ्ठीच्या कडेला मांडून पाहावा, एवढीच सर्व वैद्यबंधू-भगिनींना विनंती.