साताऱ्याचा विद्यार्थी आणि ड्युबॉइस यांचे दफ्तर

साताऱ्यातील राजवाड्याजवळच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि हा दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

याच विद्यार्थ्याने १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिले. तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे दाद मागितल्याचे बाबासाहेबांच्या वाचनात आले होते. त्या निवेदनाच्या दोन-तीन प्रती पाठवाव्यात, अशी त्यांची विनंती होती. भारतातील अस्पृश्यांसाठीही तोच मार्ग चोखाळण्याचा त्यांचा विचार होता. ३१ जुलैला ड्युबॉइस यांचे उत्तर निघाले: आपले नाव मला ठाऊक आहे, अस्पृश्यांविषयी पूर्ण सहानुभूती आहे.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील ग्रंथालयाने ड्युबॉइस यांच्या दफ्तरातील सुमारे एक लाख कागद स्कॅन करून सर्वांना खुले केले आहेत. ही दोन्ही पत्रे त्यांतच आहेत. कराडचा किंवा मिरजेचा संशोधक ती घरबसल्या वाचू शकतो, आणि हे खरोखर मोलाचे आहे.

सातारा आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा यांच्या नात्याची मुळे आणखी जुनी आहेत. जोतीराव फुले यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण. १८७३ मधील ‘गुलामगिरी’ त्यांनी गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली. ड्युबॉइस तेव्हा अवघे पाच वर्षांचे होते.