जुन्या पाकिटाचा परवलीचा शब्द

दहा-बारा वर्षांपूर्वी शहरात शिकायला गेलेल्या एखाद्या मुलाने हौसेने थोडी बिटकॉइन घेतली आणि तो ती विसरून गेला, असे समजा. आज भाव ऐकून त्याने जुना संगणक माळ्यावरून खाली काढला. पाकीट सापडले, पण ते परवलीचा शब्द मागते, आणि तो काही केल्या आठवत नाही. आता काय करायचे?

आधी हे पाकीट म्हणजे काय ते पाहू. २००९ साली सुरू झालेल्या बिटकॉइनमध्ये हातात धरायचे नाणे नसते. कोणाचे किती, याची एकच खतावणी असते आणि तिच्या नकला जगभरच्या हजारो संगणकांवर असतात. पाकिटात असते ती फक्त व्यवहारावर सही करण्याची गुप्त किल्ली. आपल्या ट्रंकेत जमीन नसते, जमिनीचे कागद असतात, तसेच हे. पण कागद वाळवीने खाल्ले तर तलाठ्याकडून सातबाऱ्याची नक्कल मिळते. इथे तलाठीच नाही! ज्याच्यापाशी अर्ज करावा असे कचेरीतले कोणी माणूस नाही, म्हणून किल्ली गेली की खतावणीत शिल्लक दिसत राहते आणि हात मात्र लागत नाही.

तेव्हा पहिले काम म्हणजे 'वॉलेट डॉट डॅट' या नावाची फाईल शोधून तिच्या दोन प्रती निरनिराळ्या पेन ड्राइव्हवर ठेवणे. सारे प्रयोग प्रतीवर करावेत, मूळ फाईलला हात लावू नये. मग रोग कोणता ते ओळखावे. फाईल उघडतच नसेल तर ती बिघडली असेल, किंवा आपला प्रोग्राम फार नवा असेल. २०२५ मध्ये आलेल्या बिटकॉइन कोअरच्या ३० व्या आवृत्तीत जुन्या पद्धतीचे पाकीट थेट उघडत नाही. त्यासाठी आधीची आवृत्ती घ्यावी. फाईल उघडते, शिल्लकही दिसते, पण पैसे पाठवताना शब्द चुकीचा ठरतो, असे असेल तर अडचण खरोखर कुलपाची. (सप्टेंबर २०११ पूर्वीच्या पाकिटांना कुलपाची सोयच नव्हती, बरं का.)

हे कुलूप फोडता येत नाही. एकेक शब्द लावून पाहायचा, एवढाच मार्ग. आणि तोही मुद्दाम संथ केलेला आहे: आपण दिलेला शब्द गणिताच्या चरकातून किमान २५,००० वेळा फिरवून मगच कुलपाला लावला जातो. नुसत्या इंग्रजी लहान लिपीतल्या आठ अक्षरांचा शब्द घेतला तरी जुळण्या होतात २०,८८२ कोटींहून अधिक. शिक्षकांनी २६ चा आठवा घात फळ्यावर करून दाखवावा, मुलांना मौज वाटेल.

मग जुनी पाकिटे उघडतात ती कशी? एक खरी हकिकत सांगतो. युरोपातील एका गृहस्थाने २०१३ मध्ये पाकिटाला वीस अक्षरांचा शब्द लावला होता. तो त्याने स्वतः रचला नव्हता. 'रोबोफॉर्म' नावाच्या प्रोग्रामकडून घेतला होता. पुढे ज्या फाईलमध्ये तो जपून ठेवला तीच बिघडली. अमेरिकेतील अभियंते जो ग्रँड आणि जर्मनीतील त्यांचे एक सहकारी यांनी त्या प्रोग्रामची जुनी आवृत्ती तपासली. तेव्हा दिसले की तो शब्द घडवताना संगणकाच्या घड्याळाकडे पाहत असे. सेकंद तोच आणि मांडणी तीच, तर शब्दही तोच! १ मार्च ते १ जून म्हणजे ९२ दिवस, त्यांचे सेकंद ७९ लाख ४८ हजार ८००. अथांग आकडा एवढ्यावर येऊन ठेपला. तरीही पहिल्या खेपा फुकट गेल्या, कारण शब्दात विशेष चिन्हे असतील असे धरले होते. मालकाचे त्या काळचे दुसरे शब्द पाहिले तर त्यात चिन्हे नव्हती. चिन्हे वगळून पाहिले आणि शब्द सापडला: १५ मे २०१३, ग्रिनिच वेळेप्रमाणे दुपारी ४ वाजून १० मिनिटे ४० सेकंद. ४३.६ बिटकॉइन परत मिळाली. ही हकिकत २०२४ च्या मे महिन्यात जाहीर झाली.

आपणही याच वाटेने जावे. आख्खा शब्द आठवण्याचा हट्ट धरू नये, तुकडे आठवावेत. त्या वर्षी कोणते शब्द वापरत होतो? गावाचे नाव, बैलाचे नाव, जन्मसाल? पहिले अक्षर मोठे काढायची सवय होती का? शेवटी आकडा की चिन्ह? जुन्या वह्या, डायऱ्या, इतर खात्यांचे शब्द, सारे एका कागदावर उतरवावे. तुकडे जोडून लाखो शब्द लावून पाहणारे 'बीटीसी-रिकव्हर'सारखे प्रोग्राम विनामूल्य मिळतात. ते इंटरनेट तोडलेल्या संगणकावर चालवावेत.

दुसऱ्याची मदत घ्यावी लागली तर एक ध्यानात ठेवा. शब्द शोधणाऱ्याला संपूर्ण पाकीट लागत नाही; त्यातून वेगळा काढलेला, कुलूपबंद मुख्य किल्लीचा तुकडा पुरतो, आणि त्या तुकड्याने पैसे काढता येत नाहीत. जो संपूर्ण फाईल मागतो, वर 'आधी फी भरा, हमखास उघडून देतो' म्हणतो, त्याला दारातूनच परत पाठवावे. पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.